बृहदंत्राचे अर्बुद आणि पक्वाशयातील जिवाणू

आंत्रस्थ जिवाणू हा विषय गेली काही वर्षे वैद्यकीय नियतकालिकांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सतत चर्चिला जात आहे. आपल्या व्यवसायबंधूंच्या सभांमध्ये त्याचा उल्लेख होतो तो बहुधा दोन प्रकारांनी. एक तर हे सर्व संहिताकारांना पूर्वीच ठाऊक होते असे म्हणून विषय तेथेच संपविला जातो. किंवा एखाद्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या रंगीत पत्रकावरील दोन-चार वाक्ये जशीच्या तशी पुढे सांगितली जातात. मानवी शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय वाक्य. २०१६ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी ही गणना नव्याने केली. सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे प्रमाण जवळजवळ समसमान आहे, आणि या सर्व जिवाणूंचे एकत्रित वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. त्यांपैकी बहुतेक सारे राहतात ते बृहदंत्रात, आपल्या परिभाषेत पक्वाशयात.

प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत, ते म्हणजे बृहदंत्र व गुद यांचा कर्करोग आणि हे जिवाणू यांचा संबंध. जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. भारतात त्याच वर्षीचा अंदाज सत्तर हजारांच्या आसपास होता. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे प्रमाण अल्प आहे, परंतु आपल्याकडील रुग्ण तरुण असतात आणि उशिरा येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आपल्या आठशे रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला, त्यात रुग्णांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होते आणि सर्वाधिक आढळणारे लक्षण गुदमार्गाने रक्तस्राव हे होते. हे लक्षण घेऊन रुग्ण प्रथम कोणाकडे जातो, हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम संहितांकडे वळू. चरकाचार्यांनी विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना सहज कृमींना त्या गणनेतून वगळले आहे. चक्रपाणींनी त्यावर भाष्य करताना हे सहज कृमी विकार उत्पन्न न करणारे असतात आणि ते विसांहून अधिक आहेत, असे स्पष्ट केले. रक्तज कृमींपैकी काही अतिसूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत, हेही तेथेच येते. शरीरासोबत राहणारे, अपाय न करणारे जीव असतात आणि विकारकर जीव त्यांहून वेगळे, ही कल्पना निःसंशय मोलाची आहे. परंतु तिच्यावरून प्राचीनांना कर्करोगकारक जिवाणू ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हे संहितांवर अन्याय करणारे ठरेल. सुश्रुतांनी मांसार्बुदाच्या निदानात अतिमांसाहाराचा उल्लेख केला आहे आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले, या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीने दुसरी सिद्ध होते असे समजू नये. विचाराची दिशा देणे हे शास्त्राचे काम. पुरावा प्रत्येक पिढीस नव्याने जमवावा लागतो.

आता पुराव्याकडे. जिवाणूमुळे कर्करोग होतो हे तत्त्व सर्वप्रथम निर्विवाद मान्य झाले ते आमाशयाच्या बाबतीत. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूस १९९४ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान मिळाले आणि त्याच्या शोधाबद्दल मार्शल व वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. बृहदंत्रातील कोणत्याही जिवाणूस अद्याप ते स्थान मिळालेले नाही. एक जुना धागा मात्र होता. हृदयाच्या झडपांना स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या जिवाणूचा संसर्ग झालेल्या रुग्णांमध्ये बृहदंत्राचे अर्बुद अपेक्षेपेक्षा अधिक आढळते, हे निरीक्षण १९५१ पासून नोंदलेले होते आणि १९७७ नंतर ते सर्वमान्य झाले. आज या जिवाणूच्या संबंधित प्रकारास गॅलोलिटिकस म्हणतात. असा रुग्ण दिसल्यास हृदयाबरोबर आतड्याचीही दुर्बिणीने तपासणी करावी, असा संकेत आहे.

ज्या तीन जिवाणूंविषयी आज सर्वाधिक बोलले जाते त्यांपैकी पहिला ई. कोलाय. हा तर आपल्या प्रत्येकाच्या आतड्यातील रहिवासी. परंतु त्याच्या काही वाणांत जनुकांचा एक विशिष्ट समूह असतो आणि त्याच्या साहाय्याने ते कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. २००६ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी ते प्रथम वर्णन केले. हे विष आंत्रपेशीच्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांना परस्परांशी जखडून टाकते. पेशी ते दुरुस्त करू पाहते आणि दुरुस्तीत चुका राहतात. पुढे नेदरलँडमधील उट्रेक्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत मानवी आंत्रपेशींचे प्रयोगनलिकेत वाढविलेले सूक्ष्म गोलक या जिवाणूच्या संपर्कात पाच महिने ठेवण्यात आले. त्यांत जे जनुकीय दोष उत्पन्न झाले त्यांची मांडणी एका विशिष्ट ठशासारखी होती आणि तोच ठसा बृहदंत्राच्या काही अर्बुदांमध्ये सापडला. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. घटनास्थळी बोटांचे ठसे मिळावेत तसा हा पुरावा आहे. जिवाणू तेथून केव्हाच निघून गेला असला तरी त्याची खूण राहते.

या ठशाचे महत्त्व २०२५ साली अधिक उलगडले. अकरा देशांतील ९८१ रुग्णांच्या अर्बुदांचा जनुकीय अभ्यास करण्यात आला तेव्हा चाळिशीच्या आत रोग झालेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनचा ठसा सत्तरीनंतर रोग झालेल्यांच्या सुमारे ३.३ पट अधिक आढळला. हे दोष बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत निर्माण होत असावेत, असाही त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. तरुणांमधील वाढत्या रोगाचे मूळ बाल्यावस्थेतील पक्वाशयात असेल, तर बालकांना ऊठसूट दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा, कृत्रिम दुधाचा आणि बिस्किटांवर वाढणाऱ्या पिढीचा विचार नव्याने करावा लागेल. या गोष्टी कारण आहेत असे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्या तपासाव्या लागतील, एवढेच आम्ही म्हणतो.

दुसरा जिवाणू फ्यूझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. याचे मूळ स्थान आतडे नव्हे, तर मुख. हिरड्यांच्या रोगांत दंतवैद्यांना तो पूर्वीपासून परिचित आहे. बोस्टन आणि व्हँकुव्हर येथील दोन गटांना तो बृहदंत्राच्या अर्बुदांत मोठ्या प्रमाणावर आढळला, हे २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. आपल्या पृष्ठावरील एका प्रथिनाच्या योगाने तो आंत्रपेशींना चिकटतो, त्यांच्या वाढीचे संकेत चाळवतो आणि रोगप्रतिकारक पेशींना निष्प्रभ करतो. २०१७ साली बोस्टनच्याच संशोधकांनी दाखविले की, अर्बुद यकृतात पसरते तेव्हा हा जिवाणूही त्याच्यासोबत तेथे पोहोचतो. २०२४ साली सिॲटल येथील फ्रेड हचिन्सन केंद्रातून असे प्रसिद्ध झाले की, या जिवाणूचा एकच उपवंश प्रामुख्याने अर्बुदांत सापडतो, तो आमाशयाचे आम्ल सहन करू शकतो आणि तपासलेल्या अर्बुदांपैकी सुमारे निम्म्यांत तो होता. काही रुग्णांच्या लाळेतील व अर्बुदातील जिवाणू एकाच वाणाचे असल्याचे जपानी संशोधकांनी दाखविले आहे. दंतधावन, जिव्हानिर्लेखन आणि गंडूष यांचा दिनचर्येतील आग्रह आपण रुग्णांना सांगतो तो मुखदुर्गंधीपुरता. त्यास याहून अधिक गांभीर्याने सांगावयास हरकत नाही. मात्र गंडूषाने आतड्याचा कर्करोग टळतो, असे फलक कोणी लावू नयेत.

तिसरा बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस, त्याचाही केवळ विषोत्पादक वाण. याच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. वंशपरंपरेने बृहदंत्रात शेकडो अंकुर उत्पन्न होणाऱ्या रुग्णांच्या श्लेष्मल आवरणावर हा आणि कोलिबॅक्टिन निर्माण करणारा ई. कोलाय हे दोघे एकत्र थर धरून बसलेले आढळतात, हे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ साली दाखविले, एवढे नोंदवून पुढे जातो.

जिवाणूंची नावे पाठ करण्यापेक्षा त्यांचे क्षेत्र कसे बिघडते हे समजून घेणे वैद्यास अधिक उपयुक्त आहे. आपण खातो त्या तंतुमय पदार्थांचे पचन लघ्वंत्रात होत नाही. ते पक्वाशयात पोहोचतात, तेथील जिवाणू त्यांवर निर्वाह करतात आणि ब्युटिरेट नावाचे अल्पशृंखल मेदाम्ल निर्माण होते. बृहदंत्राच्या आतील स्तरातील पेशींचे हे मुख्य इंधन आहे. या पेशी ब्युटिरेट जाळताना प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ उरत नाही आणि प्राणवायूविना जगणारे हितकर जिवाणू सुखाने नांदतात. तंतू कमी झाले किंवा प्रतिजैविकाने ब्युटिरेट निर्माण करणारे जिवाणू नष्ट झाले, की पेशी आपले इंधन बदलतात, प्राणवायू पोकळीत झिरपू लागतो आणि ई. कोलायच्या कुळातील जिवाणूंचे फावते. धान्य पेरले नाही तर शेत रिकामे राहत नाही, त्यात तण माजते. तसाच हा प्रकार. दुसऱ्या बाजूस, स्निग्ध व मांसबहुल आहाराने यकृतातून पित्ताम्ले अधिक स्रवतात आणि जिवाणू त्यांचे डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या क्षोभक द्रव्यांत रूपांतर करतात.

आफ्रिकेत काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ साली हा संबंध केवळ निरीक्षणावरून मांडला होता. तेथील ग्रामीण लोकांच्या भरड आहारात व विपुल मलप्रमाणात त्यांना या रोगाच्या अभावाचे कारण दिसले. त्याची अत्यंत बोलकी परीक्षा २०१५ साली प्रसिद्ध झाली. वीस आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेतील वीस ग्रामीण लोक यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यात आली. अवघ्या पंधरवड्यात अमेरिकी गटात ब्युटिरेटची निर्मिती सुमारे अडीचपट झाली आणि क्षोभक पित्ताम्ले ७० टक्क्यांनी घटली; आफ्रिकी गटात ब्युटिरेट निम्म्यावर आले आणि पित्ताम्ले चौपटीने वाढली. आंत्रस्तरातील पेशींच्या वाढीचा वेगही त्यानुसार बदलला. दोन आठवड्यांत! पथ्यापथ्याचे महत्त्व सांगताना आमच्या हाती याहून चांगले उदाहरण आजवर आलेले नाही.

तरीही येथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये, एकदा अंकुर काढलेल्या रुग्णांना काही वर्षे तंतुयुक्त आहार किंवा गव्हाचा कोंडा देऊनही नवे अंकुर येण्याचे प्रमाण कमी झाले नाही. आहार हा दीर्घकालीन, बहुधा आयुष्यभराचा विषय आहे. पन्नाशीत चालू केलेला कोंडा चाळीस वर्षांची भरपाई करीलच असे नाही.

या ठिकाणी आम्हांस एका रुग्णाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. त्रेचाळीस वर्षांचे हे शेतकरी गृहस्थ सात महिने मूळव्याधीची औषधे घेत होते. प्रथम औषध दुकानातून मलम व गोळ्या, नंतर एका परिचिताने दिलेले चूर्ण, नंतर दोन ठिकाणचे उपचार. या सात महिन्यांत त्यांची गुदपरीक्षा कोणीही केली नव्हती. बोटाने तपासताच सहा-सात सेंटिमीटरवर कठीण, रक्त लागणारा व्रण हाती आला. पुढे दुर्बिणीद्वारे तपासणी, बायोप्सी, किरणोपचार, रसायनोपचार आणि शस्त्रक्रिया झाली. आज ते पोटावरील पिशवीसह शेतीची कामे करतात. सात महिन्यांपूर्वी निदान झाले असते तर ती पिशवी टळली असती काय, हे कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांच्या पत्नीने हा प्रश्न आम्हांला विचारला होता.

अर्शाची अंगभूत लक्षणे आणि अर्बुदाची आरंभीची लक्षणे यांत साम्य असते आणि दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात. अर्श दिसले म्हणजे अर्बुद नाही, असे ठरत नाही. मलप्रवृत्तीच्या वेळेत वा स्वरूपात नव्याने झालेला बदल, मल साफ न झाल्याची सतत भावना, वजन घटणे आणि मलात मिसळलेले काळपट रक्त यांपैकी काहीही असल्यास कोलोनोस्कोपीस विलंब करू नये. उजव्या बाजूचे अर्बुद तर रक्त दाखवीतच नाही. तेथे रुग्ण येतो तो पांडुतेने. मध्यमवयीन पुरुषास लोहाच्या अभावाची पांडुता असताना मंडूर वा लोहासव चालू करून समाधान मानणे धोक्याचे आहे. हिमोग्लोबिन वाढते, कारण मात्र आत वाढत राहते. माता-पिता वा भावंडांपैकी कोणास हा रोग तरुण वयात झाला आहे काय, हा प्रश्न केसपेपरवर छापूनच ठेवावा. मलातील अदृश्य रक्त शोधणारी फिट ही चाचणी लक्षणे नसलेल्यांच्या चाळणीसाठी उपयोगी आहे. दृश्य रक्तस्राव असताना ती नकारार्थी आली म्हणून थांबू नये. अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण व्यक्तींची चाळणी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करण्याची शिफारस आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील चाळणी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांपुरती आहे, त्यामुळे या रोगाच्या बाबतीत पहिली चाळणी म्हणजे व्यवहारात आपला बाह्यरुग्ण विभागच.

औषधांविषयी अनेक बंधू विचारतात. हरिद्रेतील कर्क्युमिनबाबत २०११ साली आशादायक वृत्त आले होते. दररोज चार ग्रॅम मात्रेत महिनाभर दिल्यावर धूम्रपान करणाऱ्यांच्या बृहदंत्रातील सूक्ष्म पूर्वविकृती सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. परंतु वंशपरंपरागत अंकुर असलेल्या ४४ रुग्णांना वर्षभर तीन ग्रॅम देऊन केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत काहीही फरक पडला नाही. त्रिफळेची कथा अधिक मनोरंजक आहे. हरीतकीतील टॅनिन द्रव्ये पक्वाशयातील जिवाणू यूरोलिथिन नामक पदार्थांत रूपांतरित करतात आणि ही क्षमता व्यक्तीगणिक भिन्न असते. काहींत ती मुळीच नसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीतही त्रिफळा घेणाऱ्यांच्या जिवाणूंत झालेले बदल प्रत्येकात वेगळे होते, सर्वांत समान असा बदल दिसला नाही. भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांना २०१९ साली भारतीय रुग्णांमध्ये फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लाउटाय हा जिवाणू विशेष प्रमाणात आढळला, आणि हा जिवाणू वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइड द्रव्ये नष्ट करणारा आहे. आपण दिलेल्या औषधाचे रुग्णाच्या पक्वाशयात प्रत्यक्षात काय होते, हा प्रश्न या अभ्यासाने उभा केला आहे. आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी नेहमीचेच विषय घेण्याऐवजी याकडे वळावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

कृमिचिकित्सेतील तीन पायऱ्या, म्हणजे अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन, या संदर्भात पाहिल्या तर आधुनिकांचा ओढा प्रथम पहिलीकडे गेला. मेट्रोनिडाझोल दिलेल्या उंदरांत फ्यूझोबॅक्टेरियमयुक्त अर्बुदाची वाढ मंदावते, हे २०१७ च्या उपरोक्त संशोधनातच होते. त्यावरून माणसांना हे औषध द्यावे असा निष्कर्ष निघत नाही, कारण त्याच गोळीने हितकर जिवाणूही जातात. आम्हांस दुसरी पायरी अधिक आशादायक वाटते. क्षेत्र असे करावे की विकारकर जिवाणूस तेथे राहणे अवघड व्हावे. ज्वारी-नाचणीची भाकरी, सालीसह डाळी, पालेभाज्या, आंबील आणि तक्र हे सारे त्याच दिशेचे आहे. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चाचणीत किण्वित पदार्थ नियमित खाणाऱ्यांच्या जिवाणूंचे वैविध्य वाढले व दाहाचे निदर्शक घटले. चरकांनी अर्शचिकित्सेत तक्राची जी थोरवी गायिली आहे ती वाचताना हे लक्षात ठेवावे. मात्र रसायनोपचार चालू असून श्वेतपेशी घटलेल्या रुग्णास घरचे न तापविलेले ताक वा कांजी देण्यापूर्वी त्याच्या कर्करोगतज्ज्ञास विचारावे.

औषध दुकानदार बंधूंसाठी दोन गोष्टी. प्रतिजैविकासोबत प्रोबायोटिकची पुडी देण्याची पद्धत आता सरसकट झाली आहे. २०१८ सालच्या वाइझमन संस्थेच्या अभ्यासात मात्र प्रतिजैविकानंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळ जिवाणू पूर्वपदावर येण्यास काहीही न घेतलेल्यांपेक्षा अधिक वेळ लागला. शिवाय १९१७ सालापासून प्रसिद्ध असलेल्या निसल या ई. कोलाय वाणात कोलिबॅक्टिनची जनुके आहेत; त्यामुळे कोणास कर्करोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु जिवाणू म्हणजे निरुपद्रवी पूरक आहार नव्हे हे यावरून दिसते. दुसरी गोष्ट मेट्रोनिडाझोलयुक्त जुलाबाच्या गोळ्यांची. त्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत हा नियम जुनाच आहे. आणि मूळव्याधीचे तेच मलम तिसऱ्यांदा मागणाऱ्या ग्राहकास पाकिटावर जवळच्या कोलोनोस्कोपी केंद्राचे नाव लिहून द्यावे. आमच्या गावातील दोन दुकानदार गेले वर्षभर हे करीत आहेत, आणि त्यांनी पाठविलेले रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा गुदपरीक्षेस क्वचितच नकार देतात.